लष्करी तळांवरच्या कुटुंबांसाठी जपानचा दौरा : फिरायला किती मिळतं आणि प्रयोग कसा बसवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे अमेरिकेत राहतात, नोकरी सांभाळून बोलक्या बाहुल्यांचे प्रयोग करतात. जपानमधल्या अमेरिकन लष्करी तळांवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांचा दौरा त्यांच्याकडे चालून आला आहे. विमान आणि राहणं आयोजकांचं, मानधन बेताचं. यात जपान कितपत बघून होईल, लष्करी वातावरणात विनोद चालेल का, आणि बायको व आठ वर्षांची मुलगी बरोबर नेता येतील का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी जादूचे प्रयोग करतो आणि उन्हाळी सुट्टीतले असे दौरे बरीच वर्षं केले आहेत, जास्त करून जपानमध्ये, थोडे जर्मनीत. त्या अनुभवावरून सांगतो.

तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण तुमचा खरा हिशेब एकच दिसतो : मानधनात जे कमी पडतंय ते भटकंतीत वसूल होईल का? होईल. पण जपान फुकट बघायला मिळतोय एवढ्यासाठी जाणार असाल तर पहिल्याच आठवड्यात वैतागाल. सकाळी दहा वाजता ग्रंथालयाच्या सतरंजीवर बसलेल्या चाळीस पोरांसमोर रोज त्याच उमेदीने उभं राहायला आवडत असेल तर मात्र डोळे झाकून हो म्हणा. फिरणं त्याच्या मागून येतं आणि चांगलं येतं.

हे मुद्दाम सांगतो, कारण ‘सैन्याची करमणूक’ म्हटलं की डोळ्यांसमोर बॉब होप हा अमेरिकन विनोदी नट येतो. मे १९४१मध्ये कॅलिफोर्नियाच्या मार्च फील्डवर त्याने सैनिकांसाठी पहिला कार्यक्रम केला आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तो युद्धभूमीवर जात राहिला. मोठा मंच, हजारो जवान, मागे विमानं. तुमच्या वाट्याला यातलं काही येणार नाही. तुमचे प्रेक्षक सैनिक नसून त्यांची मुलं असतील. सोबत कडेवर धाकटं घेतलेल्या आया, क्वचित एखादे बाबा आणि शनिवारी ओकिनावाची एखादी आजी. तळावर मुलांचं ग्रंथालय, कम्युनिटी सेंटर, शाळेची जिम, फार तर तळाचं जुनं सिनेमागृह असतं. दिवे म्हणजे छताच्या ट्यूबलाइट. तिसरी घंटा वगैरे विसरा. ग्रंथपालबाई टाळी वाजवून ‘आता शांत बसा’ म्हणतात, तीच घंटा.

आता परिस्थितीनुसार काय काय बदलतं ते बघू. पहिली गोष्ट म्हणजे बोलावलंय कोणी. यूएसओ ही १९४१पासूनची खासगी सेवाभावी संस्था आहे. आर्म्ड फोर्सेस एंटरटेनमेंट ही खुद्द संरक्षण खात्याची व्यवस्था आहे. आणि एमडब्ल्यूआर, म्हणजे तळावरचा करमणूक-कल्याण विभाग, कधी ग्रंथालयांच्या उन्हाळी वाचन उपक्रमासाठी कलाकार थेट ठरवतो. तिघांचे कागद, मानधनाची पद्धत आणि सवलती वेगवेगळ्या. दुसरी गोष्ट तुमचा पासपोर्ट. भारतीय असेल तर जपानचा व्हिसा आणि तळावरच्या प्रवेशाची तपासणी या दोन्हींना वेळ द्या आणि तो वेळ मिळतोय का हे आयोजकांना आजच विचारा. तिसरी आणि लोक हमखास विसरतात ती गोष्ट अशी की जपानमध्ये तुम्ही कोणत्या दर्जाने शिरणार आहात? जपानमधल्या अमेरिकन सैन्याच्या आणि त्याच्या माणसांच्या दर्जाबद्दल दोन्ही देशांत १९६०चा करार आहे, ज्याला सगळे ‘सोफा’ म्हणतात. त्याखाली लष्करी आदेशावर आलात तर पासपोर्टवर पर्यटकाचा शिक्का बसत नाही, आणि त्या शिक्क्याशिवाय परदेशी पर्यटकांचा रेल्वे पास मिळत नाही. तसाही ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांचा साधा पास ५० हजार येनांवर गेला, त्यामुळे फार हळहळू नका. पण आयोजकांकडून हा दर्जा लेखी कळवून घ्या, आणि मगच तिकिटांचं गणित मांडा.

फिरण्याचा हिशेब असा. तळ जपानभर विखुरलेले आहेत. मिसावा पार उत्तरेला आओमोरीत, योकोता आणि योकोसुका तोक्योच्या आसपास, इवाकुनी हिरोशिमाच्या पलीकडे, सासेबो नागासाकी प्रांतात आणि ओकिनावा थेट दक्षिणेच्या समुद्रात. तीन आठवड्यांत हे सगळं करायचं म्हणजे बरेच दिवस नुसते प्रवासात जाणार. पूर्ण मोकळा दिवस आठवड्यातून एखादाच मिळेल. पण अर्धे दिवस भरपूर मिळतात, आणि माझ्या मते या दौऱ्याची गंमत अर्ध्या दिवसांतच आहे. सकाळचा प्रयोग साडेअकराला संपतो. पुढचा संध्याकाळी असला तर मधले चार तास तुमचे. एकच असला तर अख्खी दुपार.

योकोसुकाहून कामाकुरा लोकलने अर्ध्या तासाच्या आत. तेराव्या शतकातला कांस्याचा महाबुद्ध आणि समुद्राकाठची ती लहानशी एनोदेन गाडी एका दुपारी आरामात होते. मिसावाला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात असलात तर २ ते ७ तारखांना आओमोरी शहरात नेबुताचा उत्सव असतो. कागदाचे प्रचंड योद्धे आतून दिवे लावून रस्त्याने ओढत नेतात. आपल्या विसर्जन मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही, फक्त शिस्त बघून चकित व्हायला होतं. इवाकुनीला जेवणाच्या सुट्टीत किन्ताई पूल बघून येता येतो. पाच कमानींचा हा लाकडी पूल पहिल्यांदा १६७३मध्ये बांधला, १९५०च्या वादळात वाहून गेला आणि १९५३मध्ये तसाच पुन्हा उभा केला.

इवाकुनीला जाताना गाडी ओकायामावरून जाते. तुम्ही पुण्याचे असाल तर तिथे उतराच. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलंय ती कोराकुएन इथे आहे, १७००मध्ये पुरी झालेली. स्टेशनवरून ट्राममध्ये बसायचं, उतरून थोडं चालायचं, सामान लॉकरमध्ये ठेवायचं. मूळ बाग बघून पुण्याच्या बागेबद्दलचं माझं मत बदललं. नक्कल म्हणून ती मी उगाच हिणवत होतो, ती खरोखर मन लावून केलेली आहे.

तळावर एक आयटीटी नावाचं कार्यालय असतं, तिकिटं आणि सहलींचं. ते शनिवार-रविवारी कुटुंबांसाठी बस सोडतात. पाहुण्या कलाकाराला त्यात जागा देतात की नाही हे तळागणिक बदलतं, पण विचारायला काय जातंय? त्याहून चांगली वाट म्हणजे प्रयोग संपल्यावर आयांना विचारणं. ‘तुम्ही सुट्टीच्या दिवशी मुलांना कुठे नेता?’ तीन वर्षांच्या नेमणुकीवर आलेली बाई तुम्हाला असा रामेनवाला सांगेल, असा पोहायचा किनारा सांगेल, की फोनवर शोधून सापडणार नाही. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय परवाना काढा, १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचा. जपान तोच मानतो. गाड्या डाव्या बाजूने चालतात, तळाच्या आतसुद्धा. मुंबई-पुण्यात गाडी शिकलेल्याला बरं वाटेल.

आता दुसरा प्रश्न. विनोद चालेल का? चालतो, धो धो चालतो. पण समोर बसलेल्या मुलांचं आयुष्य समजून घ्या. उन्हाळा हा लष्करी बदल्यांचा हंगाम. समोरच्या काही पोरांचं घर कालच खोक्यांत गेलंय, काही चार दिवसांपूर्वी उतरलीत आणि अजून हॉटेलात राहताहेत. योकोसुकाची विमानवाहू नौका उन्हाळ्यात बहुधा समुद्रावर असते. तिच्यावरची विमानं मात्र २०१८पासून इवाकुनीला ठेवतात, तेव्हा नौका गेली की दोन गावांतली घरं एकदम अर्धी होतात. इवाकुनीच्या प्रयोगाला बाबा इतके कमी का, हे योकोसुकाच्या धक्क्यावरून कळतं.

म्हणून मंचावर आलेल्या मुलाला ‘बाबा कुठे आहेत?’ विचारायचं नाही. एक तर ते उत्तर सगळ्यांसमोर देणं त्याला जड जाऊ शकतं. दुसरं म्हणजे नौका कधी परतणार हे जाहीर बोलायचं नसतं, आणि सहा वर्षांचं पोर ते माइकवर सांगून टाकेल. ‘तू कुठला?’ हाही प्रश्न नको. त्यांच्याकडे याचं उत्तर नसतं किंवा चार असतात. त्याऐवजी मी विचारतो, ‘आतापर्यंत किती घरं झाली?’ लगेच हात वर होतात, चढाओढ लागते. कोणी सात म्हणतं, कोणी नऊ. ज्याची सगळ्यांत जास्त तो माझा सहायक. जी गोष्ट एरवी त्यांना इतरांपेक्षा वेगळं पाडते तिच्यावर इथे मान मिळतो, आणि पोरगं ताठ मानेने मंचावर येतं.

माझ्या धंद्यात वस्तू गायब करणं हे रोजचं काम. या प्रेक्षकांसमोर जे गायब होतं ते मी त्याच खेळात परत आणतो. साध्या शाळेत रुमाल गायब करून पुढच्या खेळाकडे वळलं तर कोणाला काही वाटत नाही. इथे चार-पाच वर्षांची मुलं शेवटपर्यंत विचारत राहतात, ‘तो रुमाल कुठे गेला?’ त्यांचं लक्ष मग दुसरीकडे लागत नाही. हे कोणत्या पुस्तकात वाचून सांगत नाही, बघून सांगतोय.

तुमच्या बाबतीत हाच मुद्दा पेटीचा आहे. बोलक्या बाहुल्यांच्या प्रयोगाचा ठरलेला शेवट म्हणजे बाहुलीला पेटीत कोंबायचं, ती आतून ओरडते, ‘मला बाहेर काढा’, आणि हशा. इथे पेटी म्हणजे बदली, बॅग म्हणजे कोणीतरी निघालंय. माझा सल्ला असा की बाहुलीला स्वतःहून जाऊ द्या. तिला झोप आलीय, ती मुलांना अच्छा करते, पेटीत आपली उशी आहे का बघते, आणि ‘पुढच्या गावाला पोचलो की उठव’ म्हणते. हशा तेवढाच येतो. उलट ‘पुढच्या गावाला’ म्हटल्यावर या मुलांना ती आपल्यातलीच वाटते.

बाहुलीला मोडकंतोडकं जपानी बोलायला लावून हसवू नका. प्रेक्षकांत जपानी आया असतात, तळावर काम करणारे जपानी कर्मचारी मागे उभे असतात. त्यापेक्षा मुलांकडून बाहुलीला जपानी शिकवा. तळावरच्या पोरांना थोडंफार जपानी येतं आणि ते दाखवायला ती टपलेलीच असतात. बाहुली चुकते, मुलं दुरुस्त करतात, आजीबाई हसतात. भाषा न कळणाऱ्यालाही हे कळतं.

फटाक्यासारखा आवाज, फुगा फोडणं, बंदुकीचा खेळ हे काही नको. नुकतेच परतलेले पालक खोलीत असतात आणि अचानक झालेला धमाका त्यांना सोसेलच असं नाही. दरवाजे अडवू नका, सगळे दिवे घालवू नका. कोणा बाबांना मंचावर बोलावायचंच असेल तर आधी बाजूला विचारा, कारण आदल्या दिवशी परत आलेल्या बापाला त्याचं दीड वर्षाचं पोर अजून ओळखत नसतं. त्या क्षणी त्याला विदूषक करू नये. तळाच्या मोठ्या अधिकाऱ्याची टोपी पळवायची असेल तर तेही आधी विचारून. हो म्हणाला तर त्याच्यासारखा हशा दुसऱ्या कशाला नाही.

वेळेबाबत एक ध्यानात ठेवा. हवाईदलाच्या तळांवर संध्याकाळी पाचच्या सुमारास झेंडा उतरतो. नौदलाच्या तळावर सकाळी आठला चढतो आणि सूर्यास्ताला उतरतो. त्या वेळी कर्ण्यावरून राष्ट्रगीतं वाजतात, अमेरिकेचं आणि जपानचंही. बाहेर असाल तर जिथे आहात तिथे थांबा, चालत्या गाड्यासुद्धा थांबतात. गाडीतून सामान काढत असाल तर ते हातात धरून उभे राहा. आणि फाटक, पहारेकरी, धावपट्टी यांचे फोटो काढू नका.

ओकिनावाबद्दल थोडं सविस्तर. जपानच्या एकूण जमिनीच्या ०.६ टक्के एवढाच हा बेटांचा प्रांत, पण फक्त अमेरिकन सैन्याच्या वापरात असलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के इथे आहे. १९४५च्या लढाईनंतर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं, १५ मे १९७२ला जपानकडे परत गेलं. कुंपणाच्या आत तुम्ही ज्या आयांबरोबर हसाल त्या अगदी साध्या, प्रेमळ असतात. कुंपणाबाहेर ज्यांना हे तळ नको आहेत तेही तितकेच साधे लोक आहेत. कलाकाराने दोन्हीकडून बघावं असं मला वाटतं. कादेनाच्या हवाई तळाबाहेर रस्त्यालगतच्या विसावा केंद्राच्या गच्चीवरून अख्खी धावपट्टी दिसते; तिथे अर्धा तास उभं राहून विमानांचा आवाज ऐका. मग दक्षिणेला माबुनीच्या शांती उद्यानात जा. तिथल्या काळ्या शिळांवर त्या लढाईत आणि त्या युद्धकाळात मेलेल्या २ लाख ४० हजारांहून अधिक माणसांची नावं आहेत, ओकिनावाची, जपानी, अमेरिकन, कोरियन, सगळी. तिथून आल्यावर त्याच संध्याकाळी प्रयोग ठेवू नका. हिरोशिमाच्या संग्रहालयाबाबतही तेच सांगतो, आणि ६ ऑगस्टला तिथे पर्यटक म्हणून जायचं टाळा. ओकिनावात मुलांसारखं फिरायचं असेल तर चुराउमी मत्स्यालयातला व्हेल शार्क आहेच, आणि पोट भरायला टाको राइस. भातावर मेक्सिकन खिमा घालून १९८०च्या दशकात किन गावात तळाबाहेरच्या सैनिकांसाठी निघालेला हा पदार्थ आता सगळे खातात.

मात्र ओकिनावाच्या तारखांवर फार भरवसा ठेवू नका. हा वादळांचा काळ आहे. तळावर वादळाच्या तयारीचा आकडा उतरत एकवर येतो; त्यातली आणीबाणीची पायरी लागली की सगळं बंद, तुम्ही खोलीत. ओकिनावा दौऱ्याच्या शेवटी असेल तर परतीचं विमान दोन दिवस उशिराचं ठेवायला सांगा. तसंच ऑगस्टच्या मध्याला ओबोन हा पूर्वजांचा सण असतो, तेव्हा सारा जपान गावी निघतो. त्या आठवड्यातल्या गाड्यांच्या जागा आधी ठरवा.

सामानाबद्दल आटोपशीर सांगतो. शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनच्या तोक्यो-ओसाका-हिरोशिमा मार्गावर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी मागची विशेष जागा आधी राखून ठेवावी लागते, २५०च्या वरची बॅग चालतच नाही. माझ्या मते सगळा प्रयोग एका १६०च्या आतल्या पेटीत बसवावा. जड वस्तू कुरियरने पुढच्या तळाजवळच्या हॉटेलला पाठवता येतात, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, ओकिनावाला जास्त लागतात. मुख्य बाहुली मात्र हातातच ठेवा. विजेचा दाब १०० व्होल्ट आहे; पूर्व जपानात ५० हर्ट्‌झ, पश्चिमेला आणि ओकिनावात ६०. आताच्या ध्वनियंत्रांना फरक पडत नाही, जुनी मोटर असेल तर तपासा. औषधांबाबत जपान कडक आहे : अॅडेरॉल हे एकाग्रतेसाठी देतात ते औषध अमेरिकेत डॉक्टरांनी लिहून दिलेलं असलं तरी चालत नाही, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असतं त्याही नाहीत. घरातली औषधांची पिशवी तशीच उचलून नेऊ नका.

शेवटचा प्रश्न बायको आणि मुलीचा. आयोजकांच्या आदेशावर फक्त तुमचं नाव असेल तर त्यांना तळावर राहता येईलच असं नाही, आणि रोज फाटकावर कोणाला तरी त्यांना आत घ्यायला यावं लागेल. ते ओझं यजमानांवर टाकू नका. मी सुचवेन की त्यांनी शेवटच्या आठवड्यात स्वतंत्रपणे, पर्यटक म्हणून यावं. दौरा तोक्योजवळ संपत असेल तर कामाकुरा किंवा योकोहामाला खोली घ्या. मुलीला एक तरी प्रयोग बघायला मिळावा असं वाटत असेल तर ग्रंथपालबाईंना तीन आठवडे आधी तिचं पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक कळवा. पाहुण्यांच्या परवानगीला तेवढा वेळ धरलेला बरा. त्या प्रयोगाला तिला मंचावर न बोलावता पोरांमध्ये सतरंजीवर बसवा. प्रयोग संपेपर्यंत तिला तिथे मैत्रीण मिळालेली असेल. ही मुलं नव्या माणसाशी पाच मिनिटांत मैत्री करतात. पत्ता लिहून घ्यायला तिच्याजवळ वही-पेन्सिल द्या, आणि तो पत्ता पुढच्या उन्हाळ्यात बदलणार आहे हेही तिला आधी सांगून ठेवा.